जोखीम कोणाच्या अंगावर

श्रावणातल्या एका सोमवारी, देवळातली गर्दी ओसरायच्या आतच, माझी एक जुनी विद्यार्थिनी माझ्या ओट्यावर येऊन बसली. औंढ्याच्या शाळेत मी संस्कृत शिकवत होतो तेव्हा ती तांड्यावरून चालत यायची. शब्दांची रूपे वर्गात सर्वांच्या आधी तिला पाठ होत, आणि आठवीचा निकाल लागायच्या आत तिचे लग्न लागले. आता ती पन्नाशीला टेकली आहे. तिचा तांडा शिरड शहापूरच्या वाटेवर आहे आणि तांड्यातल्या बायकांना बरोबर घेऊन ती हळदीचा कारखाना चालवते. कारखाना हा तिचा शब्द. प्रत्यक्षात ती एका व्यापाऱ्याची भाड्याने घेतलेली पत्र्याची शेड आहे. तीत हळकुंडांना चकाकी आणणारा एक लोखंडी ढोल आहे आणि एक चक्की आहे. तिथे दळलेल्या हळदीच्या पुड्या देवळाभोवतीच्या दुकानांतून यात्रेकरू घेऊन जातात.

"गुरुजी, हे मराठीच हाय का, तेवढं बघून सांगा," असे म्हणून तिने एक गुळगुळीत, रंगीत पुस्तिका माझ्यापुढे ठेवली.

मी चष्मा लावला. लिपी देवनागरी होती, एवढे निर्विवाद. पहिल्याच पानावर संस्थेचे ध्येय छापले होते: विकसनशील देशांतील व्यवसायांसाठी खासगी भांडवल चालते करणे. आपल्याकडे ज्याला चालते करायचे त्याला दार दाखवतात. मूळ इंग्रजीत भांडवल हलवून कामाला लावण्याचा अर्थ असावा, असे मी ताडले आणि पेन्सिलीने तशी दुरुस्ती केली. पुढे जे घडले ते पाहता तेवढे एक वाक्य मी होते तसेच राहू द्यायला हवे होते. पुढच्या पानावर लिहिले होते, 'आम्ही आपल्या उद्योगात समता घेतो.' त्याच्या पुढच्या पानावर पैसे लावणाऱ्यांना देवदूत म्हटले होते.

"समता घेत्यात म्हंजे? आमच्याकडची घेऊन जात्यात का?" तिने विचारले.

"हिस्सा घेतात. कारखान्याच्या मालकीत भाग."

"मग तसंच लिहायला काय झालं होतं?"

जुन्या पोथ्यांतल्या चुका मी आयुष्यभर प्रेमाने वाचत आलो आहे. दिवसभर बोरू चालवून थकलेल्या हाताची ती चूक असते, आणि समासात कुणा पुढच्या वाचकाने ती सुधारलेलीही असते. या पुस्तिकेतली चूक त्या जातीची नव्हती. ती कुणी केलीच नव्हती, कारण ती पुस्तिका छापण्याआधी कुणी वाचलीच नव्हती. ज्यांच्यासाठी ती लिहिली त्यांना ती कळावी, अशी इच्छा तिच्यामागे कुठेही नव्हती. ती इतर कुणाला तरी दाखवण्यासाठी होती.

पुस्तिका ज्या संस्थेची होती तिचे काम काय, हे समजून घ्यायला मला बराच वेळ लागला. ती स्वतः पैसे लावत नव्हती. ज्यांच्यापाशी पैसे आहेत त्यांनी आमच्यासारख्या ठिकाणच्या उद्योगांत ते लावावेत म्हणून त्यांचे मन वळवण्याचे काम ती करत होती. या मन वळवण्याचा खर्च परदेशातल्या कुठल्या सरकारी खजिन्यातून येत होता. म्हणजे श्रीमंताने धाडस करावे म्हणून आर्जव करणारे पगारी लोक नेमले होते, आणि ते पगार भरत होते कुठले तरी सामान्य करदाते. पुढे संस्थेच्या माणसाला मी हे दोनदा विचारून खात्री करून घेतली, कारण पहिल्यांदा मला वाटले की माझ्याच ऐकण्यात चूक होत आहे.

तिला मात्र हा विनोदाचा विषय परवडणारा नव्हता. शेडच्या मालकाला दसऱ्यानंतर सोयाबीन ठेवायला शेड रिकामी हवी होती. आणि दसऱ्यालाच ऊसतोडीचा मुकादम तांड्यावर येतो. जोडप्यांची नावे ठरवतो आणि दिवाळी सरताच ट्रक भरून माणसे उसाच्या पट्ट्यात नेतो. कारखाना सुरू झाल्यापासून त्यात काम करणाऱ्या बायका ऊस तोडायला गेलेल्या नाहीत, आणि त्यांची लेकरे थंडीतही शाळेच्या पटावर दिसतात. दसऱ्यापर्यंत स्वतःची शेड आणि वाफेवर हळद शिजवणारा कुकर यांची सोय झाली नाही, तर मुकादमाला होकार द्यावा लागणार होता. तिला एवढेच हवे होते. परिणाम, परिवर्तन, सक्षमीकरण हे शब्द पुस्तिकेत वारंवार होते. कुकर हा शब्द कुठेही नव्हता.

"तुमी येता का बैठकीला? त्यांचं बोलनं तुमी आमाला सांगा, आमचं त्यांला सांगा," ती म्हणाली. मी होकार दिला.

बैठक शेडमध्येच भरली. संस्थेकडून एक तरुण आला होता. खादीचा झब्बा, हातात महागडी पाण्याची बाटली, आणि चेहऱ्यावर आपण जमिनीवर बसू शकतो याचा फार मोठा आनंद. मराठी त्याची मातृभाषा असावी, पण ती त्याने बऱ्याच वर्षांत वापरली नसावी. त्याने पहिलाच प्रश्न असा विचारला:

"ताई, सगळ्यांनी मोकळेपणाने सांगा. तुमच्याकडे काय काय जोखीम आहे? काही लपवू नका. आम्हाला कळली तरच आम्ही ती तुमच्याकडून कमी करू शकतो."

बायकांचे हात आपोआप पदराकडे गेले. माझ्या विद्यार्थिनीची सासू पुढेच बसली होती. गळ्यातली चांदीची हांसळी तिने ओढणीखाली सारली आणि ठामपणे म्हणाली, "आमच्याकडं काई जोखीम न्हाई, बापू. व्हती ती मागंच मोडली."

तरुण प्रेमळ हसला. "असं कसं, आजी? जोखीम तर प्रत्येकाकडे असते."

"दुसऱ्याच्या घरी असंल. तू आमच्या घरात काहून डोकावून राहिला?"

"घाबरू नका. आम्ही एकट्याला सोसायला लावत नाही. आम्ही जोखीम वाटून घेतो."

"ऐकलं का गं?" म्हातारी मागे वळून बायकांना म्हणाली. "वाटून घेत्यात म्हनं! आन् तेबी दिवसाढवळ्या!"

एक बाई उठून दारापाशी जाऊन उभी राहिली. आता मी मध्ये पडणे भाग होते. तरुणाला सांगितले की आमच्या भागात जोखीम म्हणजे घरातले सोनेनाणे. प्रवासात दागिने बरोबर असले की माणूस म्हणतो, जोखीम जवळ आहे, जरा सांभाळून चला. बायकांना सांगितले की हा धोक्याबद्दल विचारतो आहे. पाऊस, भाव, हळदीवरची कीड, अशा गोष्टींबद्दल. तेव्हा कुठे हशा पिकला. तरुणही हसला, आणि वहीत काहीतरी उतरवून घेत म्हणाला, "आजी, तुमच्या दागिन्यांना कोण हात लावतो? त्याची काळजीच सोडा." म्हातारीने हांसळी काही बाहेर काढली नाही.

घरी परतताना मी त्या शब्दाचा विचार करत होतो. एकाच शब्दात संपत्ती आणि संकट एकत्र यावे, हा आमच्या भाषेचा अपघात नाही. ज्याच्यापाशी गमावण्यासारखे काही आहे त्यालाच धोका असतो, आणि ते गमावण्यासारखे त्याच्या अंगावर असते, हातात असते, गळ्यात असते. त्या तरुणाच्या भाषेतली जोखीम कुणाच्याही अंगावर नव्हती. ती तक्त्यात होती. एका रकान्यातून उचलून ती दुसऱ्या रकान्यात ठेवता येत होती, आणि जिथे ठेवली तिथे कुणी माणूस बसला आहे का, हे पाहण्याची रीत नव्हती.

त्यानंतर तिला 'तयार' करण्याचा काळ सुरू झाला. नांदेडच्या एका थंडगार हॉटेलात शिबिर, मग छत्रपती संभाजीनगरला दुसरे, मग पुन्हा नांदेड. गुंतवणूक घेण्याजोगा उद्योग कसा असावा, हे तिथे शिकवत. आपल्या कारखान्याची गोष्ट भिंतीवरच्या चित्रांच्या मदतीने थोडक्यात कशी सांगावी, हातवारे किती करावेत, समोरच्याच्या डोळ्यांत कसे पाहावे, हेही शिकवत. प्रत्येक वेळी शेडमधले तिचे काम खोळंबले. परत आली की ती माझ्या ओट्यावर बसून चहा घेई आणि तिथे काय झाले ते सांगे.

"या खेपेला काय शिकवले?" मी विचारले.

"हसायला."

"हसायला?"

"व्हय. म्हनले, ताई, तुमी लई गंभीर दिसता. पैसेवाल्याला वाटतं धंद्यात तकलीफ हाय. मी म्हनलं, तकलीफ हायेच, म्हनून तर तुमच्याकडं आले!" तिने चहाची बशी खाली ठेवली. "गुरुजी, मला समदे मिळून तयार करून राहिले. पैसेवाल्याला कोन तयार करून राहिलं?"

मी पाठशाळेत वाढलो. तिथे शिष्याची परीक्षा होत असे हे खरे, पण गुरूला काही येते की नाही हेही गावाला ठाऊक असे. या शिबिरांत शिकवणाऱ्यांपैकी एकानेही कधी काही विकले नव्हते. जे पगारावर जगतात ते नफ्या-तोट्यावर जगणाऱ्या बाईला धाडसाचे धडे देत होते आणि तिच्या हजेरीच्या सह्या घेत होते. मला राग आला असता तर बरे झाले असते. रागात थोडा आदर तरी असतो. मला त्या सगळ्याची किळस आली, आणि ती अजून गेलेली नाही.

नवरात्रात निरोप आला की मोठे साहेब स्वतः येत आहेत. हेच ते पैसे लावणारे. मुंबईहून विमानाने नांदेडला, तिथून गाडीने इकडे. आदल्या दिवशी तरुणाचा मला फोन आला. "गुरुजी, साहेबांना स्थानिक संस्कृतीविषयी खूप आस्था आहे. सुरुवातीला तुम्ही काहीतरी छोटंसं कराल का? दोन मिनिटांचं. फोटोही चांगले येतील."

पूजा दोन मिनिटांत होत नाही, हे मी त्याला सांगितले नाही. नवरात्रात कुणी देवाचे नाव घ्यायला सांगितले तर नाही म्हणणे माझ्या स्वभावात नाही. मी सकाळी स्नान उरकून, पळी-पंचपात्र आणि कलश घेऊन शेडमध्ये गेलो. बायकांनी जमीन सारवून घेतली होती आणि त्यावर हळदीचीच रांगोळी घातली होती, कारण शेडमध्ये दुसरा रंग नव्हता.

साहेबांना पाटावर बसवले. सभ्य गृहस्थ होते. बूट न सांगता काढले, हात जोडले. मी संकल्प सांगू लागलो. संकल्पात आधी आपण कुठे आहोत आणि काळ कोणता, हे म्हणतात. मग यजमानाचे नाव आणि गोत्र. मग हेतू: हे कर्म मी अमुक एका गोष्टीसाठी करतो आहे. हेतूपाशी मी थांबलो आणि साहेबांना हिंदीतून विचारले, "किसलिए?"

साहेबांनी तरुणाकडे पाहिले. तरुण लगबगीने पुढे वाकून कुजबुजला, "सर्वसमावेशक आणि शाश्वत परिणामासाठी, असं म्हणा ना, गुरुजी."

मी आजवर किती संकल्प सांगितले असतील याची गणती नाही. लोकांनी माझ्यासमोर पाऊस मागितला आहे, मूल मागितले आहे, भावाविरुद्धचा खटला जिंकायचा आहे असे सांगितले आहे. एकाने तर मान खाली घालून असा हेतू सांगितला की मी पळी खाली ठेवून त्याला घरी पाठवले. पण त्या प्रत्येकाला आपल्याला काय हवे ते ठाऊक होते. ज्याला आपण पाटावर कशाला बसलो तेच माहीत नाही, आणि तरीही जो हातात पाणी घेऊन बसला आहे, असा यजमान मी पहिल्यांदा पाहत होतो. मी ती ओळ म्हणेना, आणि साहेबांच्या ओंजळीतून पाणी गळू लागले.

तेव्हा मागून माझी विद्यार्थिनी म्हणाली, "कुकर यावा म्हनून म्हना, गुरुजी. शेड आन् कुकर."

मी तसेच म्हटले. संस्कृतात कुकरला शब्द नाही. बाष्पयंत्र म्हणून वेळ भागवली. साहेबांनी ते पाणी श्रद्धेने सोडले, आणि फोटो काढले गेले.

मग अटी सांगायची वेळ आली. साहेब हिंदीत थोडे बोलत, तरुण त्याचे मराठी करी, आणि त्याचे मराठी मी बायकांसाठी पुन्हा मराठी करी. व्यवहार असा होता: शेड आणि कुकरसाठी पैसे साहेब लावणार होते; या सगळ्या कामाचा खर्च देणाऱ्या परदेशी सरकारी संस्थेने त्यांना हमी दिली होती की तोटा झाला तर त्यातला पहिला भाग ती भरून देईल. उरलेल्या रकमेसाठी साहेबांना काहीतरी तारण हवे होते; बायकांचे सोने-चांदी, किंवा नवऱ्यांच्या नावावरची जमीन. हे सांगताना तरुणाचा आवाज खाली गेला. मागच्या बैठकीतले त्याचे आश्वासन त्याला आठवले असावे.

म्हातारी मोठ्याने म्हणाली, "सूनबाई, गुरुजीला पूस, ह्यो आता पावसापान्याचं इचारतो का जोखमीचं?"

सगळ्या बायका हसल्या. माझी विद्यार्थिनी हसली नाही. शिबिरात शिकवल्याप्रमाणे तिने साहेबांच्या डोळ्यांत पाहिले आणि विचारले, "साहेब, कारखाना बुडाला तर पहिलं कोणाचं जातं?"

"पहिला तोटा परदेशी संस्था सोसते," तरुण म्हणाला.

"त्याच्यानंतर?"

"त्यानंतर तारण."

"म्हंजे आमचं. आन् साहेबाचं काय जातं?"

तरुणाने भाषांतर केले. साहेब मोकळेपणाने हसले, आणि मला वाटते ते मनापासून बोलले. "हमारा भरोसा लगा है ना, बहनजी. और टाइम."

"टाइम तर आमचाबी गेला," म्हातारी म्हणाली. "आमाला कोनी पाटावर बसवलं न्हाई."

होमात आहुती टाकताना यजमान म्हणतो, 'न मम.' हे आता माझे नाही. जे टाकले ते गेले, असे म्हणण्याची तयारी असेल तरच हात अग्नीकडे न्यायचा असतो. इथे तूप परदेशी करदात्याचे होते, समिधा तांड्याच्या बायकांच्या होत्या, आणि 'मम' हा उच्चार तेवढा साहेबांचा होता. तरीही हा गृहस्थ स्वतःला धाडसी समजत होता. धाडसाचे हे सोंग वठवण्यासाठी एक अख्खी संस्था, तिची शिबिरे, तिच्या पुस्तिका आणि तिचे विमानप्रवास खपत होते. मी क्षुद्रपणा पुष्कळ पाहिला आहे, देवळाच्या आवारातही पाहिला आहे. पण हा इतका नम्र, इतका हसरा, इतका सदिच्छांनी भरलेला क्षुद्रपणा होता की तो ओळखायलाच वेळ लागतो, आणि तेवढ्या वेळात तो आपले काम साधून घेतो.

माझ्या विद्यार्थिनीने साहेबांना प्रसाद दिला. "इचार करून सांगते," ती म्हणाली. आमच्याकडे याचा अर्थ कोणालाही विचारावा लागत नाही. तरुणाने मात्र आनंदाने मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अष्टमीचे सामान घ्यायला बाजारातल्या एका दुकानात बसलो होतो. हे दुकान त्याच शेडच्या मालकाचे. या व्यापाऱ्याबद्दल माझे मत चांगले नाही. तो गिऱ्हाईक पाहून भाव सांगतो, आणि काट्यावर त्याचा अंगठा कधी असतो, कधी नसतो. पुस्तिकेत अशा माणसासाठी 'शोषक मध्यस्थ' असा मथळा होता आणि त्याखाली एका ढेरपोट्या माणसाचे चित्र. वस्तुतः हा मनुष्य काटकुळा आहे. इतक्यात माझी विद्यार्थिनी आली, मला नमस्कार केला आणि त्याच्यापुढे उभी राहिली.

"शेठ, शेड मी सोडत न्हाई."

"माझं सोयाबीन काय डोक्यावर ठेवू?"

"कळमनुरीला तुमचं गोदाम रिकामं पडलंय. तिथं ठेवा."

"तिथवर गाडीभाडं कोन देईल? तुझे मुंबईवाले?" तो खवचटपणे म्हणाला. "लई आले गेले म्हनं. काल तर पूजाबी झाली. काय दिलं त्यांनी?"

"फोटो काढला."

व्यापारी इतका हसला की त्याला खोकला आला. मग पाणी पिऊन, तोंड पुसून त्याने विचारले, "काय पायजे तुला?"

"शेड. आन् वाफेचा कुकर."

"कुकर आनला तर मला काय?"

"तुमची हळद तुमी कच्ची घेता, बाहेर शिजवून आनता. तिकडं पावडरीला वास येतो, गिऱ्हाईक परत करतं. इथं शिजवीन, माझ्या नजरंसमोर. तुमचीबी आन् तांड्याचीबी."

तो काट्याच्या पारड्यात उरलेले तांदळाचे दाणे बोटाने गोळा करू लागला. मी माझे सामान आवरून उठायला हवे होते, पण उठवेना. ऊसतोडीला जायचे की नाही याचा निकाल कुठल्याही शिबिरात लागला नव्हता, साहेबांच्या ओंजळीत लागला नव्हता; तो इथे, कापूर आणि सुपारीच्या डब्यांमध्ये लागत होता.

"कुकर मी आनतो," शेवटी तो म्हणाला. "शिजवणीत निम्मं माझं. पुडीवर माझं नाव."

"नाव तांड्याचं. तुमचं खाली, बारीक."

"बारीक म्हंजे दिसलं पायजे!"

"चष्मा लावला तर दिसंल. आन् निम्मं न्हाई, तिसरा हिस्सा. मजुरी आमची हाय."

"बाई, तू मला विकून खाशील."

"तुमी आमाला इतकी वर्षं खाल्लं, शेठ, आता बराबर बसून खाऊ."

पुन्हा बराच वेळ घासाघीस झाली, ती सगळी इथे सांगत नाही. तो तिसऱ्या हिश्श्यावर आला. ती गाडीभाड्याचा भाग द्यायला कबूल झाली. शेवटी तिने विचारले, "तारण काय ठेवू?"

"तारन कशाला? तुझी शेड माझी, तू माझ्या दुकानासमोरून रोज जातीस. जाशील कुठं?"

"आन् हळद सडली तर? कुकर फुटला तर?"

"कुकर फुटला तर माझा फुटला. हळद सडली तर दोघंबी रडू."

ज्याला त्या संस्थेचे विद्वान जोखमीची वाटणी म्हणतात, तिची एवढी स्पष्ट व्याख्या मी त्यांच्या एकाही पानावर वाचलेली नव्हती. ती करणारा माणूस मला आवडत नव्हता, आणि अजूनही आवडत नाही. त्याच सकाळी त्याने मला सुपारी जुनी दिली. पण बुडाले तर माझेही बुडेल, या अर्थाचे वाक्य त्याने डोळ्याला डोळा भिडवून उच्चारले होते, आणि ते उच्चारण्यासाठी त्याला कुठल्याही परदेशी खजिन्याची हमी लागली नव्हती.

बाहेर आल्यावर मी तिला म्हटले, "हा माणूस लबाड आहे, बाई. सांभाळून."

"ठाऊक हाय, गुरुजी," ती म्हणाली. "पर ह्याची लबाडी मला पाठ हाय. त्यांची शिकायला मला इंग्रजी लागंल."

दसऱ्याला सीमोल्लंघन आटोपून मी संध्याकाळी तांड्यावर गेलो. मुकादम आलेला होता. खाटेवर बसून तो नावे विचारत होता, आणि चक्कीवरच्या बायका एकेक करून नाही म्हणत होत्या. "ह्या वर्षी न्हाई, मुकादम. कुकर येऊन राहिला." सगळ्यांनी नकार दिला, असे मात्र नाही. दोघींच्या नवऱ्यांनी आधीच शब्द देऊन टाकला होता. त्यांची लेकरे या थंडीत शाळेत दिसणार नाहीत. मुकादम मात्र जाताना माझ्या विद्यार्थिनीवर भडकला. "तांड्याचं वाटोळं करशील तू," तो म्हणाला. म्हातारीने त्याला विचारले, "तू केलंस तवा आमी कोनाला सांगितलं व्हतं?"

कुकर कार्तिकात आला. तो जुना, दुसऱ्याने वापरलेला निघाला, आणि त्यावरून तिचे आणि व्यापाऱ्याचे एक मोठे भांडण झाले, तेही मी ऐकले. पण तो चालतो. हळद शिजायच्या हंगामात शेडच्या मागच्या बाजूला वाफेचा ढग असतो आणि व्यापारी रोज तिथे एक खुर्ची टाकून बसतो, कारण त्याचा कुणावरही विश्वास नाही. बायका त्याच्या खुर्चीखालून झाडत झाडत त्याला मुद्दाम उठवतात.

मधल्या काळात त्या तरुणाचा तिला फोन आला. संस्थेच्या वार्षिक वृत्तांतात तिच्या कारखान्याचा उल्लेख करायचा होता. त्यांच्या प्रकल्पाच्या काळातच तिथे खासगी गुंतवणूक झाली, म्हणजे ती त्यांच्या प्रयत्नांतूनच उभी राहिली असे धरले जाते, असे त्याने समजावून सांगितले. साहेबांचा पाटावर बसलेला फोटोही छापायचा होता. तिची परवानगी हवी होती.

हे तिने मला शेडमध्येच सांगितले, ढोल फिरत असताना, मोठ्याने ओरडून. मी ऐकून संतापलो. ज्यांनी पैसा लावला नाही, धोका घेतला नाही, कुकर हा शब्दसुद्धा लिहिला नाही, ते त्या काटकुळ्या व्यापाऱ्याचा कुकर आपल्या पुण्यात जमा करून मोकळे होणार होते. मी म्हटले, "नाही म्हणून सांग. स्पष्ट सांग."

तिने ढोल थांबवला. आत हळकुंडे खडखडत शांत झाली.

"लिहू द्या की, गुरुजी. आपलं काय जातं?" ती हात झटकत म्हणाली. मग बाहेर खुर्चीवर बसलेल्या व्यापाऱ्याकडे पाहून तिने आवाज खाली आणला. "फक्त ह्यांना कळू देऊ नका. ह्यो उद्या मुंबईला जाऊन त्यांच्याकडं हिस्सा मागंल."

आणि तिने ढोल पुन्हा सुरू केला.